अप्पांचे डोळे

विजयमाला नातेपुत्याहून पोचली तेव्हा तिचे वडील दारातच साबणाची वडी घेऊन उभे होते.

"आदी हात धू," अप्पा म्हणाले. "आन् डोळं पुसायला दुसऱ्याचा पदर घेऊ नको."

आत आईला, शांतम्माला, रीतीप्रमाणे भिंतीशी बसवून फुलं घातली होती. सकाळी चूल पेटवताना तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. तार मिळून लेक येईपर्यंत दिवस कलला होता. सगळी चाळ रडत होती. अप्पांचे डोळे कोरडे होते.

त्या साली सोलापुरात डोळ्यांची नवीच साथ आली होती. नवा विषाणू आहे, औषध नाही, जपणं हेच औषध, असं दवाखान्याचे डॉक्टर सांगत. दर चाळीतल्या एका जाणत्या माणसावर त्यांनी लोकांना समजावायचं काम सोपवलं होतं. या चाळीत ते अप्पांकडे आलं. डोळे चोळू नका. टॉवेल, उशी ज्याची त्यानं वापरा. डोळ्यांत दूध, पाल्याचा रस घालू नका. आठवड्यात उतरतं, पण धूसर दिसायला लागलं तर दवाखाना गाठा. अप्पा हे दारोदार सांगत आणि मयताच्या दिवशीही सांगत होते.

"माजी भन गेली आन् ह्यो साबन वाटतोय!" मैंदर्गीहून आलेली नागूमावशी कडाडली. "अय्यो, दगूड हाय दगूड!"

"रडा की, नागूबाई. पन आपापल्या पदरात रडा."

माती झाली. अप्पा रडले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी तांब्या उचलला आणि एकेकाच्या हातावर पाणी घातलं.

विजयमालेनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ती ताट पुढं ठेवी आणि उठून जाई.

"विजे, मीट कमी हाय," ते म्हणत. ती मिठाचा डबा सरकवी.

हळूहळू चाळीतले डोळे निवळले. राहिला फक्त शेवटच्या खोलीतला सिद्राम. एकटा जीव, चार दिवसांपूर्वीच त्याचे डोळे आले होते. अप्पा त्याला दोन वेळा भाकरी नेऊन देत आणि परतताना नळावर हात घासून धूत.

आईचे दिवस घालायच्या जेवणाची तयारी सुरू झाली. आदल्या संध्याकाळी विजयमाला मावशीला म्हणाली, अप्पांना ऐकू जाईल अशी, "उद्या पंगत उठली की मी जाते. परत यायची न्हाय. आई नसताना हितं यायचं कुनासाटी?"

अप्पांनी भाकरी फडक्यात बांधली आणि ते सिद्रामकडे गेले. त्या दिवशी त्यांना यायला जरा उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मांडली, तरी अप्पा दिसेनात. शोधत विजयमाला मागच्या अंगणात गेली. ते एकटेच भिंतीकडं तोंड करून बसले होते. चाहूल लागल्यावर वळले. डोळे लालभडक, पाण्याची धार गालावरून सदऱ्यावर.

"अप्पा!"

ती धावली. त्यांनी हात आडवा केला. "लांब बस, पोरी. लांबूनच बोल."

तिला वाटलं, लाजले. ती हातभर दूर बसली आणि मनमोकळी रडली. मग आईचं बोलणं निघालं. आई एकदा कारखान्यात मापून द्यायला नेलेली चादर वाटेत चुकून भिजवून बसली होती, आणि मुकादमालाच उलट भांडून आली होती. दोघं हसले. अप्पांच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

नागूमावशी डोकावली आणि तोंडावर पदर धरून म्हणाली, "फुटला गं बाई दगूड!"

अप्पा पंगतीला बसले नाहीत. वेगळं ताट मागून मागंच जेवले. कुणी बळजबरी केली नाही.

"पंचमीला येते मी," रात्री विजयमाला म्हणाली. "लेकरांनाबी आनते."

"व्हय, ये की," अप्पा म्हणाले. ते आज सगळ्यांपासून दूर, बाहेरच्या कट्ट्यावर झोपले. ती मात्र आईच्या जागी बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सकाळी तिला एस्टीवर सोडायला निघताना अप्पा म्हणाले, वाटेत दवाखान्यात डोकावतो. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. आतलं बोलणं सरळ ऐकू येत होतं.

"काय हो शिवपुत्र अप्पा? साऱ्या चाळीला शिकवलंत, आणि स्वतःच साथ घेऊन आलात?"

"सिद्रामच्या टॉवेलनं तोंड पुसलं, साहेब. चांगलं चोळून."

"जाणूनबुजून? कशाला?"

"पोरगी माहेर तोडून चालली होती. मला रडू येईना, मग काय करू? आता पंचमीला येते म्हनली."

डॉक्टरांनी त्यांची पापणी वर करून डोळा पाहिला. मग त्यांनी विचारलं, "आणि रडणं?"

"ते ऱ्हायलंय अजून."