बटणांची नावं

काठीचा आवाज दारापाशी येऊन थांबला, तसा तो उठून उभा राहिला. विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याने कालच चढवली होती, आणि आज दारात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या.

देखभाल विभागाच्या त्या तळघरातल्या खोलीत सुखासुखी कुणी येत नसे. जे नीट चाललंय त्याचं कौतुक करायला जिना उतरणारा माणूस त्याने अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. त्याने खुर्चीवरचा वायरींचा गुंता उचलला, मॅडमचा हात खुर्चीच्या पाठीला लावून दिला आणि स्वतः न बसताच विचारलं, "कुठं अडलं, मॅडम?"

"कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले."

ही तक्रारीची प्रस्तावना असावी असं त्याला वाटलं.

मॅडमना दिसत नव्हतं. संगणक पडद्यावरचं वाचून दाखवी आणि त्या कानांनी काम करत. मागच्या वेळी नवी आवृत्ती आली आणि गुण भरायचं पान मुकं झालं. कुठंही गेलं तरी कानात एकच शब्द: बटण, बटण, बटण. शेवटी मॅडमनी आपल्या ब्रेल टिपणांवरून गुण मोठ्याने वाचले आणि कार्यालयातल्या कारकुनाने भरले. घाईत एका मुलीच्या एकाहत्तरचे सतरा झाले. चूक निस्तरली, पण तोवर पोरीने घरच्यांची बोलणी खाल्ली होती. मला परीक्षेच्या कामातून मोकळं करा, असा अर्ज मॅडमनी त्याच आठवड्यात दिला.

तेव्हा हा दुपारभर त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता, त्या कसं काम करतात ते ऐकत.

"आज सकाळी दार लावून घेतलं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या वर्गाचे गुण मी भरले. मीच तपासले. कुणाला हाक मारली नाही. मग नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, मला काय सांगतेस, ज्याने केलं त्याला जाऊन सांग. अर्ज मागे घेतला मी."

त्याचा जीव भांड्यात पडला. आता कुठं तो बसला.

"केलंत काय नक्की?"

"फार नाही, मॅडम. प्रत्येक बटणाला नाव दिलं. पडद्यावर दिसणारं नव्हे, आतलं. ऐकणाऱ्याला कळेल असं. मग डोळ्यांवर रुमाल बांधून अख्खं पान चालवून पाहिलं. जिथं ठेचकाळलो तिथं दुरुस्त केलं." तो हसला. "एकदा तर सगळा वर्ग नापास करून बसलो होतो."

मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "याच्यासाठीच उशीर झाला ना? सगळे कुरकुरत होते."

"झाला थोडा."

थोडा नव्हता. त्याने आवृत्ती अडवून धरली, तेव्हा संचालकांनी त्याला भर बैठकीत फैलावर घेतलं होतं. एका माणसापायी सगळं विद्यापीठ ताटकळत ठेवता, असं म्हणाले होते. त्याने मान खाली घातली, पण पान नीट झाल्याशिवाय काही चढवलं नाही. हे त्याने घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजला. संचालकच होते, आणि त्यांचा आवाज असा, की फोन हातभर लांब धरला तरी खोलीभर ऐकू यावा.

"इतिहासाच्या मॅडम तुमच्याकडे आल्यात म्हणे. एवढा वेळ घालवून पुन्हा मोडलंच का काही?"

"नाही, सर. काहीच मोडलं नाही."

"मग कशाला आल्यात?"

कारण त्याला ठाऊक होतं. पण आपलं कौतुक आपल्याच तोंडाने कसं सांगणार?

मॅडमनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मी सांगते त्यांना. निवांत सांगते."