कोरडे व्याही

"दारू म्हणजे मानवजातीला लागलेला कलंक!" लेकीच्या साखरपुड्यात देवस्थळींनी हे असं काही ठणकावलं होतं की भावी व्याह्यांनी हातच जोडले होते. आज तेच देवस्थळी लेकीला 'लालबाग बघून येतो' असं सांगून, अनोळखी बंगळुरात दोनदा बस चुकून, एका बीअरच्या कारखान्यात पोचले होते आणि जाळीची टोपी घालून तांब्याच्या टाक्या पाहत होते.

फेरी संपल्यावर चवीला ग्लास मिळाला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि समोर बघतात तो व्याही! तेही लेकीच्याच घरी उतरलेले, सकाळीच देवळात म्हणून बाहेर पडलेले.

आता लेकीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.

"तुम्ही... घेता?" व्याह्यांनी विचारलं. त्यांचाही ग्लास पाठीमागून हळूच पुढे आला. "अहो, तुमच्या त्या भाषणापायी सहा वर्षं तुमच्याकडे ताक पितोय मी!"

"मुलीचा बाप साखरपुड्यात दुसरं काय बोलणार?"

दोघांनी एकदमच सुस्कारा सोडला. देवस्थळी शेजारच्या बाकावर ऐसपैस टेकून बसले.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "तेवढे खारे दाणे सरकवा इकडे."