पाकिटातले स्क्रू

दार वाजलं तेव्हा दोघी बहिणी जेवत होत्या. थोरलीचा घास हातातच राहिला. ठकठकीच्या मागोमाग किल्ल्यांचा जुडगा वाजला होता, आणि असला जुडगा कमरेला लटकवून फिरणारा माणूस त्यांना एकच माहीत होता.

"बाबा," धाकटी म्हणाली.

"बाबा म्हणू नकोस त्याला." थोरलीने ताट सरकवलं. डाव्या हाताने. त्याने पिऊन पिरगळलं त्या दिवसापासून उजवं मनगट अजून नीट वळत नव्हतं. "लॅच लावलंय ना?"

धाकटीला हसू आलं, पण ते भीतीचं. लॅच म्हणे! बाहेर उभा असलेला माणूस किल्लीवाला, जन्मभर लोकांची कुलपं चावीशिवाय उघडून देत आलेला. हे लॅच उघडायला त्याला शिंक येण्याएवढाही वेळ लागला नसता. म्हणून तर तो घर सोडून गेल्यावर तिने आतून साखळी लावली होती. साखळीला चावी नसते.

पुन्हा वाजलं. हळू.

"उघडत का नाहीये मग?" थोरली कुजबुजली. "येतं की मेल्याला."

तेच तर. वाजवत होता. त्याने लाथ घातली तर काय करायचं ते दोघींचं ठरलेलं होतं, खिडकीतून शेजारच्या काकूंना हाक मारायची. पण वाजवत उभा राहिला तर काय करायचं, ते काही ठरलेलं नव्हतं.

थोरलीने तिचा दंड धरला. "हे बघ, एक काय ते ठरव. बाप पाहिजे तर उघड दार सताड, मी माझी बॅग उचलते. नाहीतर सांग त्याला, आमचा बाप मेला. अधलंमधलं मला चालणार नाही."

"मला भीती वाटते गं, ते आत येतील म्हणून."

"मग झालं की!"

"आणि निघून जातील याची पण वाटते."

"डोकं फिरलंय तुझं. दोन्ही कसं वाटेल?"

"वाटतंय तर काय करू, ताई? एक कापून फेकू?"

तिने लॅच फिरवलं. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत अर्धा चेहरा, वाढलेली दाढी, एक लाल डोळा. धाकटीने आधी वास घेतला. आज दारूचा वास नव्हता. आज नाही म्हणजे उद्या नसेल असं काही नाही, हेही तिला माहीत होतं.

"काय पाहिजे?"

तो काहीतरी बोलणार होता. पण त्याचं लक्ष साखळीवर गेलं. त्याने एका बोटाने ती हलवली, कान लावला.

"कोणी लावली ही?"

"मी."

"खुळखुळतेय. पाकिटात आले तेच स्क्रू लावलेस ना?"

धाकटीने चौकटीवरच्या पट्टीकडे पाहिलं.

"किती वेळा सांगितलं, पाकिटातले फेकून द्यायचे! आखूड असतात. नुसते चिकटलेत चौकटीला. खांदा लावला की पट्टी सुटून..."

तो थांबला. आपण कुणाच्या खांद्याबद्दल बोलतोय, हे त्याला आत्ता कळलं.

त्याने खिशात हात घातला. थोरलीने तेवढ्यात स्टूल उचललं. फटीतून हात आत आला. तळव्यावर दोन लांब स्क्रू.

"हे घाल. आधी दार लावून घे."

दार लागलं तशी थोरली तिच्या अंगावरच आली. "हात लावू नकोस! जुने काढलेस की साखळी गेली. मग काय उरलं? लॅच! गळ टाकलाय त्याने, आणि तू मासा."

"माहितेय मला."

"मग?"

"पण बरोबर बोलले ते. आखूडच आहेत."

पहिला स्क्रू तर बोटानेच निघाला. नवा लाकडात अर्धा गेला असेल नसेल, बाहेर जुडगा वाजला. स्क्रूड्रायव्हर घसरला, बोटाची साल गेली. थोरलीने स्टूल डोक्यावर धरलं.

"बाबा, मागे सरा."

"सरलो."

"आणखी."

चपला जिना उतरल्या, दोन-चार पायऱ्या.

"जुडगा खाली ठेवा. आवाज आला पाहिजे."

फरशीवर खण्णकन आवाज आला.

दुसरा जुना स्क्रू तिने काढला. नव्याचे आटे चौकटीत रुतेपर्यंत दोघींनी श्वास घेतला नाही. कोणीच वर आलं नाही. शेवटचा फेरा पिळताना धाकटीला रडू फुटलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"झालं?" खालून आवाज.

"झालं."

"डोकं पूर्ण आत बसलं?"

"बसलं. या वर. ढकलून बघा."

"अगं ए, वेडे!" थोरली ओरडली.

खाली तो पायरीवर टेकल्याचा आवाज आला.

"मी नाही बघत," तो म्हणाला. "किती जोर लागतो ते मला कळायला नको. तू आतून ओढ."

धाकटीने लॅच फिरवलं, दाराची कडी धरली आणि ओढली. साखळी ताणली. तिने पाय भिंतीला लावून ओढली.

"सरक, तुझ्यात काय जोर आहे?" थोरलीने स्टूल खाली ठेवलं आणि चांगल्या हाताने कडी धरली. दोघी मिळून, दातओठ खाऊन दार उघडायला बघत होत्या. साखळी जागची हलली नाही. फटीतून तो दिसत होता, खालच्या पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसलेला.