काचेच्या कोपऱ्यातली बैलगाडी

अंबरनाथच्या कारखान्यातले श्यामकांत हिशेबाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत, बायकोचं तर नाहीच. कळा सुरू झालेल्या नीलिमाला मागे आपल्या आईच्या, माईंच्या, मांडीवर निजवून ते भर दुपारी बदलापूरहून दवाखान्याकडे मोटार हाकत होते.

डावीकडून, जांभूळ गावच्या रस्त्याने, एक बैलगाडी पुढच्या नाक्याकडे येत होती. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात ती जणू खिळून बसली होती.

“अहो, ती आडवी येणार,” मान उचलून पुढे बघत नीलिमा कण्हली.

“काचेत एकाच जागी राहून मोठी होत गेली तरच टक्कर. तिचा वेग नि दिशा दाखवणारा बाण घे, त्यातून आपला बाण वजा कर, की कळेल! आपण वेग बदलला की ती सरकणारच.”

त्यांनी वेग वाढवला. बैलगाडी कोपऱ्यातच, पण मोठी. वेग कमी केला. तिथेच, आणखी मोठी.

“चुलीत घाल तुझा हिशेब! थांबव आधी!” माई ओरडल्या.

मोटार थांबली. बैल आपल्या रस्त्यानं आडवेच चालले होते, एक पाऊलही इकडे वळलं नव्हतं. तरी ते काचेत वाढतच होते. श्यामकांतांनी मोटार मागे घेतली. नाका लांब गेला, शेतं लांब गेली. बैलाच्या कुशीनं सगळी काच भरली.

नीलिमाचं कण्हणं आता समोरून, त्या बैलगाडीतून येत होतं.

“श्याम,” मागून माई हळूच म्हणाल्या, “माझी मांडी अशी हलकी कशी झाली रे?”