बाहेरच्या खोलीतला खोकला

बेल वाजली आणि बाहेरच्या खोलीत सासऱ्यांना खोकल्याची उबळ आली.

आत बाळाला पाजत बसलेल्या सुनेने डोळे गच्च मिटले. छातीच्या तळापासून खरवडून येणारा खोकला, आणि शेवटी श्वास ओढताना शीळ घातल्यासारखा आवाज. बाळ जेमतेम पाच आठवड्यांचं होतं.

“अरे दादा, काय हे!” दारातून आत्याबाईंचा आवाज आला. त्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. “घरात तान्हं बाळ, आणि तू दारातच ठाण मांडून खोकतोयस? मी आपली एक पापा घेऊन निघणार होते. माझा काय, नुसता घसा खवखवतोय. पण तुझं हे… नको रे बाबा! माझ्याही घरी दोन महिन्यांची नात आहे.”

चपला फटाफट जिना उतरून गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सुनेला बजावलं होतं, “डांग्या खोकला तान्ह्यांना लागतो तो बहुतेक घरच्यांकडूनच. मोठ्यांना साधी सर्दी वाटते, बाळाचा मात्र श्वास अडकतो. लशीचा तिसरा डोस होईपर्यंत पापे नकोत, गर्दी नको. येणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं.”

सरळ नाही म्हणायचं! भाजीवाल्याने डोळ्यांदेखत नासका टोमॅटो पिशवीत टाकला तरी हिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मग सासऱ्यांना काय सांगणार, कपाळ?

तसे ते स्वभावाने अगदी गरीब. रेडिओत नोकरी करून निवृत्त झालेले. “तीस वर्षं नाटकांत होते म्हणे, पण यांचं एक वाक्य कानावर पडलं असेल तर शपथ,” असं सासूबाई हयात असताना चिडवायच्या. तेव्हाही ते खाली मान घालून हसायचे. बाळ घरी आलं त्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची दाराशी ओढली. जेवणसुद्धा तिथंच. आतल्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही की नातीला बोट लावलं नाही. दार उघडलं की वाऱ्याने उबळ यायचीच. रात्री मात्र खोकला ऐकू येत नसे; त्यांना गाढ झोप लागत असावी.

“डॉक्टरांना दाखवा ना, बाबा,” तिने एकदा पडद्याआडून कसंबसं म्हटलं.

“जुनाच आहे गं. जाईल आपोआप.”

दोन आठवड्यांनी फोन आला. आत्याबाईंची नात दवाखान्यात होती. डांग्या खोकला. खोकता खोकता निळी पडत होती. लागण आत्याबाईंकडूनच झाली होती, त्या खवखवणाऱ्या घशातून.

सुनेने बाळाला उचलून जवळ घेतलं. नुसत्या खवखवीने ही गत, तर मग बाहेरच्या खोलीत…

“बाबांना थोडे दिवस तुमच्या ताईंकडे पाठवा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला त्यांचा राग नाही हो. भीती वाटते.”

“मी सांगू? बाबांना?” नवऱ्याने मान खाजवली. “तूच सांग ना. तुझं ऐकतील.”

सांगायचं सांगायचं म्हणत आठवडे गेले. आत्याबाईंची नात बरी होऊन घरी आली. इथे बेल वाजत राहिली, उबळ येत राहिली, पाहुणे जिन्यातूनच परतत राहिले. सून बाळाच्या छातीला कान लावून बसे.

तिसऱ्या डोसाच्या दिवशी दवाखान्यातून परतताना तिने जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते वाक्य घोकलं. बाळाला उराशी धरून ती खुर्चीसमोर उभी राहिली.

“बाबा, मला तुम्हाला एक—”

“तिसरा झाला?” त्यांनी विचारलं.

“झाला.”

ते उठले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पंच्याने कोरडे केले आणि नातीसाठी पुढे केले.

सून एक पाऊल मागे सरली. “बाबा, पण तुमचा खोकला…”

“कोणता?” त्यांनी विचारलं. आणि तिथल्या तिथे, एका दमात, आधी एक दमेकरी म्हातारा खोकला, मग एक विडीबाज, मग तापाने फणफणलेलं पोर, आणि शेवटी शीळ घालणारा तो ओळखीचा खोकला. बाळ बोळकं उघडून हसलं.

“नाटकातली सगळी आजारी माणसं,” ते लाजत म्हणाले, “मीच खोकायचो.”