पुढच्या आवृत्तीतल्या नोंदी

लिनक्सवर ब्राउझरची चाचणी आवृत्ती मी हौसेनं टाकली आणि माझ्या अकरा वर्षांच्या नोंदी उघडेनात. कसबा पेठेतल्या कारागिरांचे शब्द होते ते. सगळं ब्राउझरमध्येच साठवलेलं. दुसरी प्रत नव्हती.

पडद्यावर सूचना होती : ‘या नोंदी याहून नव्या आवृत्तीत उघडलेल्या आहेत.’

शेजारची आयेशा आली. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. मला जिथं बोट लावायची भीती वाटते, तिथं ती गुणगुणत काम करते.

“काका, याहून नवी आवृत्ती अजून निघालीच नाहीये.”

“माझंच काहीतरी चुकलं असेल.”

“तुमचं आपलं नेहमी ‘माझंच चुकलं’! सरका जरा.”

तिनं आधी नोंदींची प्रत काढली, मग टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून ब्राउझरला ती उघडायला लावली. पाच मिनिटांत सगळं परत! मी बघतच राहिलो.

अकारविल्हे लिहीत मी ‘ठ’पर्यंतच आलो होतो. पडद्यावरच्या नोंदी ‘ह’पर्यंत पोचल्या होत्या. भाषा माझीच, पण ‘चूक असू शकेल’ हे माझं पालुपद कुठंच नव्हतं. इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं. हेवा वाटला.

“किती सुंदर लिहिलंय, काका.” वाचता वाचता आयेशा एका शब्दापाशी थांबली. तिनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

“हा आमच्या अब्बांचा, कल्हईच्या धंद्यातला शब्द. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. मी तुम्हाला कधी सांगितला?”

नोंदीखाली संदर्भ होता : ‘आयेशाकडून. हे सांगताना तिनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले होते.’