पिवळी रेघ

“या तारेला हात कुणी लावला?” प्रोफेसर गर्गे कडाडले. प्रकाशातल्या रेघा दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपला लावलेला डोळा त्यांनी काढला, तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

मुलं मागं सरली. नाशिकच्या त्या कॉलेजात तासाभरात बडी मंडळी जमणार होती. गर्ग्यांचं व्याख्यान होतं, त्या वर्षी दिसलेल्या ताऱ्यावर. तो फुटला आणि असा पेटला, की तो ज्या दीर्घिकेतला, त्या अख्ख्या दीर्घिकेहून एकटाच उजळ दिसू लागला. त्याच्या प्रकाशातल्या रेघा इतक्या पसरट होत्या, की आत काय जळतंय ते विलायतेतल्या शास्त्रज्ञांनाही उमगेना. रेघा वाचतात कशा, हे गर्गे आधी दाखवणार होते. प्लॅटिनमची तार ज्योतीत धरायची. तिला जे लागलं असेल, त्याची रेघ दिसते. तार स्वच्छ असेल, तर काहीच दिसत नाही.

आणि इथं मिठाची पिवळी रेघ झळकत होती.

“घामट बोटं लागली की हेच होतं! किती वेळा सांगू?” गर्ग्यांनी तार आम्लात बुडवली, लाल होईपर्यंत तापवली, गार होऊ दिली. टोक जरा वाकलं होतं. ते चिमटीत धरून त्यांनी सरळ केलं आणि तार पुन्हा ज्योतीत धरली. रेघ होतीच.

मग सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. या गावात काही नासलं, की नजरा जिथं वळतात तिथंच. खिडकीशी सोमाचं वेगळं स्टूल होतं. तो महार. बाप देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या तबेल्यात कामाला. गर्गे तसे सुधारक, खादी घालणारे. पंचवटीतलं देऊळ सर्वांना उघडा, म्हणून सभेत टाळ्या घेतलेले. स्टुलाची व्यवस्थाही त्यांचीच.

“सोमा, तूच ना? खरं बोल, नाहीतर आजच तुझं नाव कमी करतो.”

सोमा उठला.

“दोन वर्षं इथं शिकतोय, सर. या टेबलाजवळ मला एकदा तरी येऊ दिलंत?”

“ती... ती सोय आहे. लोक बोलतात म्हणून—”

“मग मी हात लावला कधी?”

सोमा सरळ टेबलाशी आला. मुलं धोतर सावरत बाजूला झाली. त्यानं तार आम्लात बुडवली, तापवली, गार केली आणि बोट न लावता ज्योतीत धरली.

“बघा.”

गर्ग्यांनी डोळा लावला. काळोख. एकही रेघ नाही. आपल्या चिमटीतलं वाकडं टोक त्यांना आठवलं आणि कानशिलं तापली.

मग सोमानं सगळ्यांसमोर तीच तार गार झाल्यावर बोटांत घोळवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. रेघ उमटली. तीच जागा, तोच पिवळा रंग.

“मघाची रेघ तुमच्या बोटांची होती, सर. ही माझ्या,” सोमा म्हणाला. “दोन्हींतला फरक सांगा आणि मग खुशाल नाव कमी करा.”